गृह-डायलिसिससाठी योग्य रुग्णाची निवड : वैद्यकीय, कौटुंबिक व सामाजिक निकषांचा विचार

प्रास्ताविक :

मानवी शरीरातील दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतांश पुन्हा रक्तात परत घेऊन केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. पाणी, क्षार व आम्ल यांचा समतोल राखणे, रक्तदाब नियंत्रित ठेवणे आणि रक्तनिर्मितीस आवश्यक असे संप्रेरक तयार करणे हीदेखील मूत्रपिंडांचीच कार्ये होत. दीर्घकालीन मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा दाह, आनुवंशिक विकार अशा कारणांनी ही कार्यक्षमता हळूहळू घटत जाते. गाळणीचा वेग दर मिनिटास १५ मिलिलिटरच्या खाली गेला म्हणजे मूत्रपिंड निकामी झाल्याची अवस्था मानली जाते. या अवस्थेत प्रत्यारोपण किंवा डायलिसिस हे दोनच जीवरक्षक मार्ग उरतात. प्रत्यारोपणासाठी योग्य दाता मिळेपर्यंत, आणि अनेकांच्या बाबतीत आयुष्यभर, डायलिसिसवरच अवलंबून राहावे लागते.

आपल्याकडे डायलिसिस म्हटले की रुग्णालयातील यंत्र, आठवड्यातून तीन फेऱ्या आणि प्रत्येक वेळी चार तास असे चित्र डोळ्यांसमोर येते. हाच उपचार घरीही करता येतो ही गोष्ट बहुसंख्य रुग्णांना फार उशिरा कळते. काहींना तर कधीच कळत नाही. दुसरीकडे, पुरेसा विचार न करता घरी पाठविलेला रुग्ण जंतुसंसर्ग होऊन काही महिन्यांतच रुग्णालयात परततो, अशीही उदाहरणे घडतात. म्हणून 'गृह-डायलिसिससाठी योग्य रुग्ण कोणता?' हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. त्याच्या उत्तरावर रुग्णाचे आयुर्मान, त्याचा रोजगार आणि संपूर्ण कुटुंबाचे दैनंदिन जीवन अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या निवडीच्या निकषांचा क्रमशः विचार केला आहे.

गृह-डायलिसिसचे प्रकार :

घरी करावयाच्या डायलिसिसचे प्रमुख दोन प्रकार आहेत.

१) उदरपोकळीतील (पेरिटोनिअल) डायलिसिस : पोटातील अवयवांना वेढणाऱ्या पातळ पडद्यास पेरिटोनिअम म्हणतात. या पडद्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. छोट्या शस्त्रक्रियेने पोटात एक मऊ नळी कायमची बसवितात. या नळीवाटे ग्लुकोजयुक्त द्रव पोटात सोडतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी त्या द्रवात उतरते आणि चार ते सहा तासांनी तो द्रव काढून नवा भरला जातो. ही अदलाबदल साधारणतः दोन लिटरच्या पिशवीने दिवसातून तीन ते चार वेळा करावी लागते व प्रत्येक वेळी सुमारे अर्धा तास लागतो. या पद्धतीस 'सीएपीडी' म्हणतात. हेच काम रात्री झोपेत यंत्राद्वारे करण्याच्या पद्धतीस स्वयंचलित पेरिटोनिअल डायलिसिस असे नाव आहे.

२) गृह-हिमोडायलिसिस : यात रुग्णालयातील यंत्रासारखेच, परंतु अनेकदा आकाराने लहान असे यंत्र घरी बसवितात. रक्त हातातील फिस्टुलातून यंत्रात जाते व शुद्ध होऊन परत येते. प्रचलित यंत्रांना चार तासांच्या एका वेळेस सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. त्यामुळे जलशुद्धीकरण संयंत्र, स्वतंत्र वीजजोडणी व सांडपाण्याची सोय आवश्यक ठरते. भारतातील मोठ्या शहरांत तंत्रज्ञ यंत्र घेऊन घरी येतो व डायलिसिस करून जातो, अशा स्वरूपाची सेवाही आढळते. तथापि रुग्णाने वा कुटुंबीयाने स्वतः करावयाचे गृह-हिमोडायलिसिस आपल्याकडे विरळाच आहे. व्यवहारात भारतीय रुग्णापुढील घरचा पर्याय म्हणजे प्रामुख्याने पेरिटोनिअल डायलिसिस होय. म्हणून पुढील विवेचनात त्यावर अधिक भर दिला आहे.

रुग्णनिवडीची ऐतिहासिक पार्श्वभूमी :

डायलिसिस आणि 'निवड' यांचे नाते जुने आहे. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांना कायमस्वरूपी जोडून ठेवता येणारी नळी वापरात आणली. त्यामुळे दीर्घकाळ, पुनःपुन्हा डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले. परंतु यंत्रे मोजकी व रुग्ण अनेक अशी स्थिती होती. तेव्हा कोणाला उपचार द्यावा हे ठरविण्यासाठी सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. ही समिती रुग्णाचा व्यवसाय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती, समाजातील स्थान अशा गोष्टी पाहून निर्णय घेत असे. १९६२ साली 'लाइफ' या साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी या समितीविषयी लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला आणि मोठा वाद उद्भवला. जगण्याचा अधिकार सामाजिक प्रतिष्ठेवर ठरावा काय, हा त्या वादाचा गाभा होता. आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राच्या जडणघडणीत या प्रसंगाचा उल्लेख आवर्जून केला जातो.

या टंचाईतूनच १९६० च्या दशकात गृह-हिमोडायलिसिसचा मार्ग पुढे आला. रुग्णालयात जागा नाही, तर घरीच यंत्र न्यावे हा त्यामागील विचार होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सुमारे ४० टक्के डायलिसिस रुग्ण घरी उपचार घेत होते. १९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च शासनाने उचलल्यानंतर केंद्रे वाढली व घरच्या उपचाराचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढे १९७६ मध्ये पॉपोविच व मॉन्क्रीफ यांनी सीएपीडीची संकल्पना मांडली. काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर ही पद्धत सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. हाँगकाँगने १९८५ पासून पेरिटोनिअल डायलिसिसला प्रथम पसंती देण्याचे धोरण स्वीकारले. थायलंडने २००८ साली सार्वत्रिक आरोग्य योजनेत तसेच धोरण आणले आणि २०२२ मध्ये रुग्णाला निवडीची मुभा दिली. इंग्लंडमध्ये २००२ साली राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने योग्य रुग्णांना गृह-हिमोडायलिसिसचा पर्याय देण्याची शिफारस केली.

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, 'योग्य रुग्ण' ही संकल्पना केवळ शरीराच्या तपासणीतून ठरत नाही, तर धोरण, पैसा व डॉक्टरांचा दृष्टिकोन यांतूनही घडते. दोन, निवडीच्या नावाखाली दुर्बलांना वगळण्याचा धोका सदैव असतो.

वैद्यकीय निकष :

रुग्णाच्या निवडीत सर्वप्रथम वैद्यकीय बाबी तपासल्या जातात. त्यांचे तीन गट करता येतील.

*अ) प्रतिबंधक बाबी :* पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे वा संसर्गामुळे पोटात आतडी एकमेकांस मोठ्या प्रमाणात चिकटलेली असणे, पेरिटोनिअमची गाळणक्षमता नष्ट झालेली असणे, दुरुस्त न होण्याजोगा हर्निया किंवा पोटाच्या भिंतीतील दोष, तसेच आतड्याचा तीव्र दाह असल्यास पेरिटोनिअल डायलिसिस करता येत नाही. पोटाची एखादी शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे एवढ्यावरून मात्र नकार देणे योग्य नव्हे. दुर्बिणीद्वारे तपासणी केल्यास अनेकदा नळी बसविणे शक्य असल्याचे दिसते. दुरुस्त होण्याजोगा हर्निया आधी दुरुस्त करून घेता येतो.

*ब) सापेक्ष अडचणी :* अतिस्थूलता, तीव्र कुपोषण, पोटावर मलविसर्जनासाठी केलेले छिद्र, फार मोठ्या आकाराची गाठीयुक्त मूत्रपिंडे, श्वसनाचा गंभीर विकार, वारंवार होणारे त्वचेचे संसर्ग या बाबी निर्णय अवघड करतात, परंतु अशक्य करीत नाहीत. कुपोषणाचा विचार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पोटातून काढलेल्या द्रवासोबत दररोज साधारणतः ५ ते १० ग्रॅम प्रथिने वाहून जातात. म्हणून रुग्णाने वजनाच्या दर किलोमागे किमान एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने घेणे अपेक्षित असते. केवळ भात-आमटी किंवा भाकरी-चटणीवर राहणाऱ्या रुग्णाला अंडी, दूध, डाळी यांची जोड कशी देता येईल, हे आहारतज्ज्ञाने घरच्या ऐपतीनुसार आधीच ठरविले पाहिजे.

मधुमेही रुग्णाच्या बाबतीत द्रवातील ग्लुकोज रक्तात शोषले जाऊन साखर वाढते व इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते. ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन असलेला द्रव वापरल्यास आणखी एक सावधगिरी हवी. त्यापासून रक्तात माल्टोज तयार होते आणि साखर मोजण्याची काही घरगुती उपकरणे तिलाच ग्लुकोज समजून चुकीने जास्त आकडा दाखवितात. त्या आकड्यानुसार इन्सुलिन घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून योग्य पट्टीचे उपकरण निवडणे हाही रुग्णनिवडीनंतरच्या तयारीचाच भाग होय.

*क) अनुकूल बाबी :* हृदय दुर्बल असलेल्या रुग्णांना हिमोडायलिसिसमधील रक्तदाबाचे चढउतार सोसत नाहीत. पेरिटोनिअल डायलिसिसमध्ये पाणी संथपणे निघत असल्याने त्यांना ते मानवते. फिस्टुला करण्यायोग्य रक्तवाहिन्या न उरलेले रुग्ण, लहान मुले, तसेच थोडेफार मूत्र अद्याप होत असलेले रुग्ण यांनाही ही पद्धत अनुकूल असते. शिल्लक मूत्रनिर्मिती या पद्धतीत अधिक काळ टिकते असे आढळून आले आहे.

रुग्णाची शारीरिक व मानसिक क्षमता :

पिशवी जोडणे, नळीचे टोक कशालाही न लावता आवळणे, द्रव गढूळ आहे का हे पाहणे, वजन व रक्तदाब मोजून वहीत नोंदविणे ही कामे रोज करावयाची असतात. त्यासाठी बोटांत पुरेशी ताकद, बऱ्यापैकी दृष्टी आणि क्रम लक्षात ठेवण्याइतकी स्मरणशक्ती हवी. यांपैकी एखादी उणीव असल्यास तिच्यावर उपाय आहे का, हे प्रथम पाहावे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया करता येते. सांधे दुखत असतील तर जोडणीस मदत करणारी साधने मिळतात.

शिक्षणाचा प्रश्न येथे हमखास उपस्थित होतो. रुग्ण निरक्षर आहे म्हणून तो अपात्र, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः या उपचारास पदवीची नव्हे, शिस्तीची आवश्यकता असते. नियमित वेळी जनावरांची धार काढणारी, दूध नासू नये म्हणून भांडी काटेकोर स्वच्छ ठेवणारी स्त्री हात धुण्याचा व अदलाबदलीचा क्रम चित्रांच्या साहाय्याने उत्तम रीतीने शिकू शकते. याउलट उच्चशिक्षित परंतु घाईगर्दीत जगणारी व्यक्ती एखाद्या टप्प्यास फाटा देऊ शकते. एका बैठकीतील प्रश्नोत्तरांपेक्षा प्रत्यक्ष शिकविल्यानंतर रुग्ण ती कृती कशी करून दाखवितो, यावरून क्षमता ठरविणे न्याय्य होय. पेरिटोनिअल डायलिसिसचे प्रशिक्षण सर्वसाधारणपणे एक ते दोन आठवड्यांत होते, तर गृह-हिमोडायलिसिसला स्वतः सुई टोचण्यासह कित्येक आठवडे लागतात.

तीव्र नैराश्य, व्यसनाधीनता किंवा उपचारच नको असण्याची भावना असल्यास मात्र घाई करू नये. निकामी मूत्रपिंडाच्या बातमीने खचलेल्या माणसाला काही काळ रुग्णालयात डायलिसिस देऊन, समुपदेशन करून नंतर पुन्हा विचारणे हितावह ठरते.

घराची पाहणी :

घर म्हणजे या उपचाराचे रुग्णालयच होय. तेव्हा ते पाहिल्याशिवाय निवड पूर्ण होत नाही. पुढील बाबी पाहणे आवश्यक असते.

१) स्वच्छ कोपरा : स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असे नाही. मात्र अदलाबदलीच्या अर्ध्या तासात दार-खिडक्या व पंखा बंद ठेवता येईल, मुले व पाळीव प्राणी येणार नाहीत, अशी जागा हवी. मुंबईतील एका खोलीच्या बिऱ्हाडातही वेळ ठरवून अशी सोय होऊ शकते.

२) पाणी : द्रव तयार व निर्जंतुक मिळत असल्याने पेरिटोनिअल डायलिसिसला शुद्धीकरण संयंत्र लागत नाही. तथापि हात धुण्यास वाहते स्वच्छ पाणी लागते. टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत तोटी असलेल्या झाकणाच्या टाकीची व्यवस्था करावी लागते.

३) साठवण : दररोज चार पिशव्या म्हणजे महिन्यास १२० पिशव्या, अर्थात २४० लिटर द्रव होतो. खोक्यांचा हा साठा ओल, ऊन व उंदीर यांपासून सुरक्षित ठेवावा लागतो. पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या वाडी-वस्तीवर काही दिवसांचा जादा साठा अनिवार्य ठरतो.

४) वीज : हाताने करावयाच्या सीएपीडीस वीज लागत नाही, द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहतो. भारनियमनाच्या भागात ही मोठीच जमेची बाजू होय. यंत्राची पद्धत निवडावयाची झाल्यास वीजपुरवठ्याची शाश्वती पाहावी लागते.

५) संपर्क : द्रव गढूळ दिसणे, पोटात दुखणे, ताप येणे ही पेरिटोनिअमच्या जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. अशा वेळी ती पिशवी घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. म्हणून दूरध्वनी, वाहन व जवळचे रुग्णालय यांची माहिती आधीच लिहून ठेवली पाहिजे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार केंद्राने या संसर्गाचे प्रमाण प्रतिरुग्ण प्रतिवर्ष ०.४ पेक्षा कमी राखावे, असे अपेक्षित आहे.

साहाय्यक व्यक्ती :

वृद्ध वा परावलंबी रुग्णाच्या बाबतीत खरी निवड साहाय्यकाची असते. एकत्र कुटुंबपद्धती ही आपल्याकडील मोठी शक्ती मानली जाते. परंतु प्रत्यक्षात 'घरचे करतील' या शब्दांचा अर्थ बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करील असा होतो. निर्णयाच्या बैठकीस मुलगा हजर असतो आणि पिशव्या बदलण्याचे काम बैठकीस न बोलाविलेल्या सुनेच्या वाट्यास येते. दिवसातून चार वेळा, वर्षाचे ३६५ दिवस असे हे काम आहे. त्यास सुटी नाही. म्हणून जी व्यक्ती हे काम करणार तिच्याशी स्वतंत्रपणे, इतरांच्या अनुपस्थितीत बोलणे, तिची नोकरी, प्रकृती व संमती विचारणे आणि शक्य तेथे दुसऱ्या व्यक्तीलाही प्रशिक्षण देणे हे निवडप्रक्रियेचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.

आर्थिक बाजू व शासकीय योजना :

केंद्र शासनाने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यातून जिल्हा रुग्णालयांत हिमोडायलिसिसची सोय वाढली. २०१९ मध्ये पेरिटोनिअल डायलिसिसचा अंतर्भाव करण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. तरीही पिशव्यांचा मासिक खर्च हा अनेक कुटुंबांपुढील मुख्य अडथळा आहे. येथे केवळ देयकांची तुलना पुरेशी नाही. गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातील दुर्गम पाड्यावरून आठवड्यातून तीनदा केंद्र गाठणाऱ्या रुग्णाचा प्रवासखर्च, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि सुटलेले काम हेही हिशेबात धरले पाहिजे. कोणत्या योजनेतून कोणता उपचार व किती काळ मिळेल, याची चौकशी नळी बसविण्यापूर्वीच करावी. पैशाअभावी चारऐवजी दोनच पिशव्या वापरण्याची वेळ आल्यास उपचार अपुरा पडून रुग्ण दगावू शकतो.

निवडीची प्रक्रिया – दोन कल्पित उदाहरणे :

पहिल्या उदाहरणात ७० वर्षांचे निवृत्त शिक्षक घ्यावेत. शहरात प्रशस्त सदनिका आहे, निवृत्तिवेतन आहे, वाचन आहे. वरवर पाहता ते आदर्श रुग्ण ठरतात. परंतु विस्मरणाचा त्रास सुरू झालेला आहे, पत्नीला संधिवात आहे आणि मुलगा-सून दिवसभर नोकरीवर असतात. अशा वेळी दिवसा चार अदलाबदली अवघड आहेत. मात्र रात्री यंत्राची पद्धत, संध्याकाळी सुनेने वा मुलाने जोडून द्यावयाची व सकाळी काढावयाची, असा मार्ग निघू शकतो. त्यास दोघांची तयारी नसेल तर केंद्रातील हिमोडायलिसिस हेच उचित होय.

दुसऱ्या उदाहरणात ४० वर्षांची शेतकरी स्त्री घ्यावी. शाळा पाहिलेली नाही, कौलारू घर आहे, केंद्र ६० किलोमीटरवर आहे. वरवर पाहता ती अपात्र वाटते. परंतु हात कणखर आहेत, दृष्टी उत्तम आहे, मोठी मुलगी मदतीस तयार आहे व आशासेविका गावातच आहे. घराचा एक कोपरा सारवणाऐवजी फरशीचा करून घेतला, तोटीची टाकी बसविली आणि योजनेतून पिशव्यांची हमी मिळाली, तर ती घरी डायलिसिस करून शेतीकडे लक्ष देऊ शकते. जुन्या समितीच्या दृष्टीने पाहिले असते तर पहिला रुग्ण निवडला गेला असता आणि दुसरी रुग्ण वगळली गेली असती.

अमेरिकेत रुग्णनिवडीसाठी 'मॅच-डी' नावाचा तक्ता वापरात आहे. त्यात रुग्णांचे 'आवर्जून प्रोत्साहन द्यावे', 'अडचणी दूर करून प्रोत्साहन द्यावे' आणि 'बहुधा शक्य होणार नाही' असे तीन गट केलेले आहेत. यातील मधला गट सर्वांत मोलाचा होय, कारण तो नकारापूर्वी उपाय शोधण्यास भाग पाडतो. निवड एकदाच करून थांबताही येत नाही. साहाय्यक आजारी पडणे, मूत्र पूर्ण बंद होणे, पडद्याची क्षमता घटणे अशा बदलांनंतर पुनर्विचार करावा लागतो. पेरिटोनिअल डायलिसिसकडून हिमोडायलिसिसकडे जाणे हे रुग्णाचे अपयश मानू नये. तो उपचाराचा पुढील टप्पा होय.

निष्कर्ष :

१) गृह-डायलिसिसला संपूर्ण मज्जाव करणारी वैद्यकीय कारणे मोजकीच आहेत, बहुतेक अडचणी सापेक्ष व दूर करण्याजोग्या आहेत.

२) शिक्षण, उत्पन्न किंवा घराचा आकार हे स्वतःहून अपात्रतेचे निकष ठरू शकत नाहीत. शिस्त, स्वच्छता, साहाय्य व साहित्याचा अखंड पुरवठा हे खरे निकष होत.

३) साहाय्यक व्यक्तीची, विशेषतः घरातील स्त्रीची, स्वतंत्र संमती घेतल्याखेरीज निवड पूर्ण मानू नये.

४) मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्यापूर्वीच सर्व पर्यायांची माहिती रुग्णाच्या भाषेत दिली गेली पाहिजे. धाप लागून अत्यवस्थ स्थितीत आलेल्या रुग्णाला निवडीस वावच उरत नाही.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा केंद्रापर्यंत पोहोचता न आल्याने हिमोडायलिसिसच्या अनेक रुग्णांचे हाल झाले. घरी पिशव्यांचा साठा असलेल्या रुग्णांचा उपचार मात्र घराबाहेर न पडताही चालू राहू शकला. आपत्तीने दाखविलेला हा धडा सामान्य काळातही तितकाच खरा आहे. रुग्ण घरी डायलिसिस करण्यास योग्य आहे काय, हे विचारतानाच त्याला योग्य ठरविण्यासाठी व्यवस्थेने काय केले पाहिजे, हा प्रश्नही विचारला गेला, तरच या उपचारपद्धतीचा लाभ खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचेल.